जुनी सुपर्ब घ्यावी की जुनी बीएमडब्ल्यू ३२०डी?

प्रश्न : मी फोंड्याला राहतो. नोकरी वेर्णा औद्योगिक वसाहतीत असल्यामुळे रोज जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होतात. बहीण बेळगावला दिलेली आहे, त्यामुळे महिन्यातून एकदा-दोनदा चोर्ला घाट चढावा लागतो आणि बरोबर बहुतेक वेळा वडील असतात. त्यांचे वय चौऱ्याहत्तर असून गुडघे दुखतात. दोन जुन्या डिझेल गाड्या पाहून ठेवल्या आहेत. पहिली २०१७ ची स्कोडा सुपर्ब २.० टीडीआय ऑटोमॅटिक. तिची नोंदणी गोव्याचीच, मालक एकच, ८८,००० किलोमीटर झालेले आणि सर्व्हिसची बिले आहेत. किंमत पावणेचौदा लाख सांगतात. दुसरी २०१४ ची बीएमडब्ल्यू ३२०डी, कोल्हापूरची एमएच-०९ नोंदणी, तिसरा मालक, मीटरवर ५४,०००. ती म्हापशाला एका विक्रेत्याकडे उभी असून साडेबारा लाखांना देतो म्हणतात. माझा ओढा बीएमडब्ल्यूकडे आहे, घरचे सुपर्ब म्हणतात. नेमके काय पाहून ठरवावे?
एक वाचक, फोंडा

उत्तर : माझे मत आधी सांगतो आणि कारणे मागाहून देतो. तुम्ही दिलेल्या माहितीवरून सुपर्ब घ्यावी, पण ती तपासणीतून नीट उतरली तरच. आणि ती नापास झाली, तर ‘आता उरली ती बीएमडब्ल्यू’ असा विचार न करता तिसरी गाडी शोधावी. नव्या गाड्यांची तुलना करताना कंपनी, इंजिन आणि सोयी पाहून भागते, कारण त्या नावाची प्रत्येक गाडी कारखान्यातून सारखीच निघते. आठ-दहा वर्षे वापरलेल्या गाडीचे तसे नसते. तिथे तुम्हाला मालकांच्या सवयी, सर्व्हिसची बिले आणि कागदपत्रे विकत घ्यायची असतात, आणि तुमच्या दोन गाड्यांत खरा फरक याच ठिकाणी आहे.

डिझेल तुम्हाला योग्य आहे का, हा प्रश्न तुम्ही विचारला नसला तरी त्याचे उत्तर थोडक्यात देऊन टाकतो : योग्य आहे. रोज एका दमात पंचवीस किलोमीटर आणि शिवाय घाटाचा प्रवास, म्हणजे इंजिन पुरते तापते, काजळी साचून राहत नाही आणि वर्षाकाठी होणारे किलोमीटर पाहता इंधनाची बचतही दिसते. बाजार, शाळा आणि देऊळ एवढाच वापर असता, तर जुनी डिझेल गाडी घेऊ नका असेच मी लिहिले असते. दोन्ही गाड्या बीएस-४ या आधीच्या प्रदूषण निकषाच्या काळातल्या आहेत. काजळी गाळणारे डीपीएफ त्यांत बसवलेले आहे का आणि असल्यास कोणी ते काढून टाकलेले नाही ना, एवढे मात्र दोन्हीकडे विचारा.

आता गाड्यांविषयी. चालवण्याचा आनंद बीएमडब्ल्यूमध्ये अधिक आहे, हे मी निःशंकपणे मान्य करतो. १८४ अश्वशक्ती, ३८० न्यूटन मीटर टॉर्क, मागच्या चाकांना दिलेली ताकद आणि झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांमुळे चोर्ल्याच्या वळणांवर ही गाडी जशी बोलावल्यासारखी वळते, तशी सुपर्ब वळत नाही. सुपर्बचे इंजिन १७७ अश्वशक्तीचे आणि ३५० न्यूटन मीटरचे असून ताकद पुढच्या चाकांना जाते. ती शांत, ऐसपैस आणि लांब पल्ल्याला न थकवणारी गाडी आहे. जागेच्या बाबतीत मात्र दोघींची बरोबरी होत नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर सुपर्बमध्ये २,८४१ मिलिमीटर आणि ३२०डीमध्ये २,८१० मिलिमीटर, म्हणजे फरक जेमतेम तीन सेंटिमीटरचा. तरीही सुपर्बमध्ये मागे बसणाऱ्याला पाय लांब करता येतात आणि बीएमडब्ल्यूमध्ये गुडघे पुढच्या सीटजवळ जातात. सुपर्बचे इंजिन आडवे बसवलेले असल्यामुळे ते कमी लांबी खाते, तर बीएमडब्ल्यूचे उभे असून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा गाडीच्या मधोमध उंचवटा करून जातो. सामानाची जागाही ६२५ लिटरच्या समोर ४८० लिटर आहे. वडिलांना दोन्ही गाड्यांजवळ घेऊन जा, दोन्हींत पुढे आणि मागे बसवा आणि कोणाच्याही आधाराशिवाय उतरता येते का ते पाहा. दोन्ही गाड्या जमिनीलगतच्या आहेत, त्यामुळे बसताना वाकावे लागणारच. पण ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना चार बोटांच्या उंचीचाही फरक पडतो, आणि याबाबतीत माझ्या किंवा तुमच्या मतापेक्षा त्यांचे मत मोलाचे आहे.

२०१४ च्या ३२०डीमध्ये एन-४७ नावाचे इंजिन आहे. इंजिनातल्या झडपा योग्य क्षणी उघडाव्यात म्हणून जी टायमिंग चेन असते, ती या इंजिनात पुढच्या बाजूला नसून मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेली आहे. चेन ताणली गेली किंवा तिला धरून ठेवणारे प्लॅस्टिकचे मार्गदर्शक झिजले, तर तिथे पोहोचण्यासाठी गिअरबॉक्स किंवा अख्खे इंजिन उतरवावे लागते. आणि चेन तुटलीच, तर झडपा आणि पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिन जवळजवळ निकामी होते. ही तक्रार प्रामुख्याने २०११ पर्यंतच्या इंजिनांत होती आणि पुढे कंपनीने सुधारणा केल्या, त्यामुळे विक्रेता ‘तो दोष जुन्या गाड्यांचा’ म्हणाला तर तो खोटे बोलतो असे नाही. पण चेनची जागा बदललेली नाही, आणि तिचे आयुष्य वेळच्या वेळी बदललेल्या चांगल्या तेलावर अवलंबून असते. अकरा-बारा वर्षांत तीन हातांतून गेलेल्या गाडीचे तेल कोणी, कधी आणि कोणते बदलले, हे बिलाशिवाय कळायला मार्ग नाही. याच इंजिनाच्या ईजीआर कूलरमधून (इंजिनात परत पाठवायचा धूर थंड करणारा भाग) कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, गळून आग लागण्याचा संभव असल्यामुळे बीएमडब्ल्यूने २०१८ पासून अनेक देशांत गाड्या परत बोलावल्या होत्या. या गाडीचा चॅसिस क्रमांक घेऊन अधिकृत सेवा केंद्रात विचारा, म्हणजे तिला असे काही काम लागू होते का आणि झाले आहे का, ते समजेल. गिअरबॉक्स मात्र उत्तम आहे. त्यातले तेल आयुष्यभर बदलायची गरज नाही असे गाडीची कंपनी म्हणत आली असली, तरी गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ते बदलण्याची शिफारस करते, आणि या गाडीची आठ वर्षे कधीच उलटली आहेत.

सुपर्ब निर्दोष आहे असे समजू नका. तिचा सहा गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स म्हणजे तेलात बुडालेल्या दोन क्लचांची रचना आहे; तो टिकाऊ आहे, पण दर ६०,००० किलोमीटरला त्याचे तेल आणि फिल्टर बदललेच पाहिजे. ८८,००० झालेल्या गाडीत हे काम एकदा झालेले असायला हवे. ‘सगळी बिले आहेत’ एवढ्यावर समाधान मानू नका. बिलांच्या गठ्ठ्यातून तेच एक बिल काढून दाखवायला सांगा आणि त्यावर गिअरबॉक्सच्या तेलाची नोंद, तारीख आणि किलोमीटर वाचा. ते नसेल, तर गाडी सोडायलाच हवी असे नाही, पण किंमत तिथून खाली आली पाहिजे आणि गिअरबॉक्सची तपासणी अधिक कसून झाली पाहिजे. दुसरे म्हणजे सुपर्बमध्ये चेनऐवजी रबरी टायमिंग बेल्ट आहे. रबर किलोमीटरने झिजते तसे वयानेही कडक होते, म्हणून बेल्ट बदलल्याचे बिल नसेल, तर टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) आणि वॉटर पंपासह ते काम गाडी घेतल्याबरोबर करायचे असे धरून चाला. हा खर्च दुखतो खरा, पण तो आधी माहीत असलेला खर्च आहे आणि कुठलेही चांगले गॅरेज इंजिन न उतरवता ते काम करते.

आता मीटरवरच्या आकड्यांकडे या. अकरा-बारा वर्षांत ५४,००० म्हणजे वर्षाला पाच हजारांच्याही आत. लांबच्या प्रवासासाठी बनवलेली डिझेल गाडी तीन मालकांनी एवढी कमी चालवली असेल, हे अशक्य नाही, पण पुराव्याशिवाय मानण्यासारखेही नाही. पुरावा सहज गोळा करता येतो : सेवा केंद्रातल्या नोंदी, जुन्या बिलांवर लिहिलेले किलोमीटर, आणि स्कॅनर लावल्यावर गाडीच्या वेगवेगळ्या संगणकांत साठलेले आकडे. मीटर मागे फिरवणारे सगळीकडचा आकडा बदलतातच असे नाही. स्टेअरिंगवरचे चामडे गुळगुळीत होऊन चकाकत असेल, ब्रेकच्या पेडलवरच्या रबराची नक्षी पुसली गेली असेल आणि चालकाच्या सीटची दाराकडची कड दबली असेल, तर ५४,००० वर विश्वास ठेवू नका. टायरच्या बाजूवर एका लंबगोलात चार अंक कोरलेले असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. आकडा खरा असेल, तर या गाडीने फार तर टायरचा एक जोड संपवलेला असावा. एवढ्या कमी धावेवर चारही टायर अगदी नवे असतील, तर ते का बदलले, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. या गाडीला कारखान्यातून रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे, टायर येतात, ते महागही असतात आणि कडकही; कोणी साधे टायर घातले असतील, तर डिकीत स्टेपनी आहे का तेही पाहा, कारण चोर्ल्यात रात्री पंक्चर झाले तर गावठाण जवळ नसते.

कोल्हापूरची नोंदणी म्हटल्यावर आणखी एक गोष्ट तपासणे भाग आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कोल्हापूर-सांगली भागात महापूर आला आणि असंख्य गाड्या पाण्यात राहिल्या. ही गाडी त्यांपैकी आहे असे मी म्हणत नाही. ती नाही याची खात्री तुम्ही करून घ्यावी असे म्हणतो. चारही सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत, पट्टा थांबेपर्यंत बाहेर ओढा. धुतलेल्या गाडीचे कार्पेट नवे घालता येते, सीटचे कापड बदलता येते, पण पट्ट्याचा जो भाग एरवी खांबाच्या आत गुंडाळलेला राहतो, त्यावर गढूळ पाण्याची पिवळसर रेघ उमटलेली असते आणि बोट फिरवले की बारीक माती लागते. मग डिकीतले आवरण उचला, कारण या गाडीची बॅटरी आणि काही महत्त्वाची विद्युत जोडणी तिथेच आहे. कोपऱ्यांत गंज, चिखलाचे पापुद्रे किंवा जोडण्यांवर हिरवट थर दिसला, तर तिथूनच परत फिरा. विमा कंपनीकडे जुन्या दाव्यांची माहिती मिळते, तीही विक्रेत्याकडून लेखी मागा. हीच सीटबेल्टची तपासणी सुपर्बलाही करा, आपल्याकडेही सखल भागांत पाणी भरते.

गाडी पाहायला सकाळी जा आणि ‘मी येण्याआधी सुरू करू नका’ असे बजावून ठेवा. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. ते कोमट लागले, तर दुसरा दिवस मागून घ्या, कारण डिझेल इंजिनाचे दुखणे थंड असतानाच बोलते. बीएमडब्ल्यू सुरू होताना पहिले काही क्षण इंजिनाच्या मागच्या बाजूने, म्हणजे जवळजवळ डॅशबोर्डच्या पलीकडून, साखळी खरखरल्यासारखा आवाज येतो का आणि पुढे दीड-दोन हजार आरपीएमला तो टिकतो का, ते ऐका. सुपर्ब बंद करताना गिअरबॉक्सच्या बाजूने खडखड झाली, तर फ्लायव्हील (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधले जड चाक) झिजत आले आहे असे समजा. इंजिन तापल्यावर काळा धूर म्हणजे हवा-इंधनाचा बिघाड, निळा म्हणजे तेल जळते आहे, आणि गरम होऊनही पांढरा धूर थांबत नसेल, तर कूलंट आत जात असण्याची शक्यता असते.

चालवून पाहताना रिकाम्या मोठ्या रस्त्यावर वेग घेण्यात फारसे हशील नाही, तिथे सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात. सुपर्ब फोंड्याच्या बाजारातून गर्दीच्या वेळी पायी चालण्याच्या वेगाने न्या आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर किंवा हिसका जाणवतो का पाहा. मग फर्मागुढीच्या चढावर थांबवून पुन्हा सुरू करा, आणि सपाटीवर येऊन रिव्हर्स आणि ड्राइव्ह यांत दोन-तीनदा सावकाश बदल करा. दर वेळी एका क्षणात, धक्का न देता गिअर पडला पाहिजे. बीएमडब्ल्यूसाठी पर्वरीचा चढ आणि म्हापशाची गर्दी पुरेशी आहे. यानंतर दोन्ही गाड्या, विक्रेत्याच्या ओळखीच्या नव्हे तर तुम्ही निवडलेल्या गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवा आणि स्कॅनर लावून घ्या. चौदा लाखांच्या व्यवहारात या तपासणीचे काही हजार रुपये वाचवण्यात शहाणपण नाही, आणि जो विक्रेता ही तपासणी नाकारतो त्याच्याशी पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही.

लिफ्टवर असताना आपल्या हवेमुळे होणारे नुकसान मुद्दाम पाहा. सुपर्ब गोव्यात वाढलेली गाडी आहे, म्हणजे तिने इथला प्रत्येक पावसाळा आणि खारी हवा सोसली आहे. खालच्या प्लॅस्टिकच्या आवरणावर तांबडी माती साचून ओल धरते आणि वरचे बोल्ट, ब्रेकच्या नळ्या आणि सस्पेन्शनचे सांधे गंजतात, म्हणून ते आवरण काढून आत बघायला सांगा. मूळ मालक समुद्रालगत राहत असेल आणि गाडी उघड्यावर उभी राहत असेल, तर एसीचा कंडेन्सरही तपासा. उंदीर हे आपल्याकडचे दुसरे संकट आहे; पावसाळ्यात ऊब शोधत ते इंजिनात शिरतात आणि तारा कुरतडतात. बॉनेटखाली काळ्या चिकटपट्टीने जोडलेल्या तारा दिसल्या, तर जोड कोणी आणि का घातला ते विचारा.

कागदपत्रांच्या बाबतीत सुपर्ब सरळ आहे. विक्रेत्याची आणि तुमची सही असलेले मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असल्यास बँकेचे नाहरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५, एवढ्यावर तुमच्या नावावर होते. बीएमडब्ल्यूला मात्र कोल्हापूरच्या आरटीओचे फॉर्म २८ वरील नाहरकत प्रमाणपत्र आणावे लागेल, गोव्याचा रस्ता कर नव्याने भरावा लागेल, आणि महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मिळवण्यासाठी वेगळा पाठपुरावा करावा लागेल. परराज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ इथे ठेवायची, तर फेरनोंदणी कायद्यानेच आवश्यक आहे. ‘एमएच पाटीवरच फिरवा, कोणी विचारत नाही’ हा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नका. शिवाय खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे बीएमडब्ल्यूची मुदत २०२९ मध्ये संपेल आणि सुपर्बची २०३२ मध्ये. सव्वा लाखाचा जो फरक तुम्हाला आज बीएमडब्ल्यूच्या बाजूने दिसतो, तो कर, टायर आणि गिअरबॉक्सच्या तेलातच संपून जाईल, असे मला वाटते.

एवढे वाचूनही मन बीएमडब्ल्यूकडेच ओढत असेल, तर त्यात गैर काही नाही. पण मग ही गाडी नको. भारतात २०१६ च्या सुरुवातीला आलेल्या सुधारित ३ सिरीजमध्ये बी-४७ हे नवे इंजिन आहे. तशी गोव्यातच नोंदलेली, एका मालकाची, सेवेच्या सलग नोंदी असलेली गाडी मिळाली तर ती पाहा, त्यासाठी सहा महिने थांबावे लागले तरी थांबा, आणि दुरुस्तीसाठी निदान दोन लाख वेगळे ठेवा. सुपर्बसाठीही बेल्ट, बॅटरी, टायर यांकरिता लाखभर रुपये हाताशी हवेत, आणि ते पावणेचौदाच्या बाहेर न जाता त्यातच बसतील अशी घासाघीस करा; सुपर्बचे डिझेल मॉडेल २०२० मध्ये बंद झाल्यामुळे मालक हटून बसेल, पण बेल्टचे किंवा गिअरबॉक्सच्या तेलाचे बिल नसेल, तर तो तुमच्या हातातला मुद्दा आहे.

पैसे देताना आगाऊ रक्कम थोडीच द्या, तीही बँकेतून आणि ‘तपासणीत दोष आढळल्यास परत’ असे लिहून घेऊन. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीच्या क्रमांकावरून कर्जाचा बोजा आणि थकलेली चलने आधी पाहून घ्या. गाडी ताब्यात घेताना दोन्ही किल्ल्या मागा आणि ताब्याच्या पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा. विम्याकडे दुर्लक्ष करू नका : तृतीय पक्षाचे संरक्षण गाडीबरोबर तुमच्याकडे येते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा तुमच्या नावे करण्यासाठी हस्तांतरणापासून चौदा दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट) तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे हप्त्यातला फरक भरायची तयारी ठेवा.